सनाच्या हातात आकडा मी दिला

रुकय्या आपा, तुला मातीत ठेवून सोळा दिवस झाले आणि माझा राग अजून उतरलेला नाही. लोक भेटायला येतात, तुझ्या सबुरीबद्दल बोलतात, मी मान हलवतो. तुझी सबुरी मी तरी कधी बघितली नाही. मला आठवते ती तुझी चप्पल. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, हे मला कळतं. पण मी तुझ्याबद्दल बोलत नाही, तुझ्याशी बोलतोय. आणि तुझ्याशी मी आयुष्यभर असाच बोललो.

माझ्या तुझ्याविरुद्ध दोन तक्रारी आहेत. पहिली तुला माहीत आहे. दोन वर्षांपूर्वी तू माझ्या थोबाडीत मारून, अख्ख्या मजल्यासमोर, माझी मुलगी माझ्या दारातून घेऊन गेलीस. दुसरी तुझ्या मरणानंतरची आहे. ती तू ऐकलेली नाहीस, म्हणून लिहायला बसलो.

सना तेव्हा अकरा वर्षांची होती. सुरुवात वजूपासून झाली. नमाजच्या आधी हात, तोंड, पाय धुवायला माणसाला लागतात तीन-चार मिनिटं. तिला वीस लागायला लागली, मग चाळीस. कोपरावर केसाएवढी जागा कोरडी राहिली असेल, असं तिला वाटायचं आणि ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. नजमा आधी खूश होती, आपली पोरगी दीनदार, धार्मिक होतेय म्हणून. मग सनाला दाराच्या कडीला हात लावणं चालेना. लिफ्टचं बटण चालेना. मग मी चालेना.

तो घाव तुला कधी नीट सांगितला नाही, आज सांगतो. दिवसभर मी तळोज्याच्या कारखान्यांचं भंगार उचलतो. ग्रीस, ऑइल, गंज. हातगाडी ओढत सुरुवात केली, आज माझं गोदाम आहे, टेम्पो आहेत, उलव्यात सातव्या मजल्यावर घर आहे. सगळं या दोन हातांनी. आणि संध्याकाळी घरी आलो की माझी मुलगी भिंतीला पाठ लावून उभी राहायची, माझा हात लागू नये म्हणून. विचारायची, "अब्बा, तुमचे हात पाक आहेत ना?" मी हो म्हणायचो. ती पुन्हा विचारायची. मी पुन्हा हो म्हणायचो. सातव्या वेळेला मी ओरडायचो. हा आजार असू शकतो, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आपल्याच घरात आपला अपमान होतोय, एवढंच कळलं.

मग मला जे येतं ते मी केलं. सौदा.

"एक हात किती वेळा धुतेस?" मी विचारलं.

"माहीत नाही, अब्बा. बरं वाटेपर्यंत."

"उद्यापासून मोज."

दुसऱ्या दिवशी म्हणाली, चाळीस. मी म्हटलं, तीसवर ये. ती म्हणाली, पस्तीस. आपा, मी मनातून खूश झालो, पोरगी घासाघीस करते, माझं रक्त आहे. शेवटी बत्तिसावर सौदा पटला. तिने कसम खाल्ली, मी तिला सायकल कबूल केली, आणि स्वतःला मोठा शहाणा समजून झोपलो.

आठवड्याने नजमा म्हणाली, "तुम्ही हे काय करून ठेवलंत? ती आता मोजते. अठ्ठाविसावर बेल वाजली की आकडा मोडतो आणि ती पुन्हा एकपासून धरते. एका बोटाला बत्तीस. दुसऱ्या बोटाला बत्तीस." बरं वाटेपर्यंत म्हणजे कुठेतरी थांबणं तरी होतं. माझ्या बत्तिसाला थांबणंच नव्हतं. आणि वर अल्लाहची कसम होती, ती मोडली तर गुनाह.

त्यानंतर मी तिला एका आमिलकडे, झाडफूक करणाऱ्याकडे नेलं. त्याने जिन्न सांगितला. त्याच्याशीही मी भाव केला. त्याने मोरपिसांच्या झाडूने तिच्या पाठीवर मारलं आणि मी बघत उभा राहिलो. घरात शिंपडायला त्याने दुआ पढून फुंकलेलं पाणी दिलं. त्या पाण्याचा एखादा थेंब संडासाच्या फरशीवर पडला असेल तर बेअदबी झाली, म्हणून सना फरशी धुवायला लागली.

आणि मग तो शुक्रवार. मी जुम्याच्या नमाजला निघण्यासाठी घरी आलो, तर खाली सोसायटीचा सेक्रेटरी उभा. म्हणाला, "इसाकभाई, तुमच्या फ्लॅटने टाकी रिकामी केली. लोकांच्या घरात प्यायला पाणी नाही." गेटवर चार माणसं ऐकत होती. मी टेम्पोतली पहार काढली आणि वर गेलो. बाथरूमला आतून कडी. नजमा दाराला कपाळ टेकून बसलेली. आत नळ चालू आणि सनाचा आवाज, एकोणीस, वीस, एकवीस. मी हाक मारली. ती मोजत राहिली. माझ्या आवाजाने आकडा मोडू नये म्हणून ती आणखी मोठ्याने मोजायला लागली.

मी पहारीने कडी उखडली. मनगटाला धरून तिला बाहेर ओढलं तेव्हा माझ्या मुठीत तिची कातडी सरकली. हात कोपरापर्यंत सोललेले होते, सालं काढलेल्या रताळ्यासारखे. कुठल्याही बापाने तिथे थांबायला हवं होतं. तिने काय केलं माहीत आहे? माझ्या मुठीकडे बघितलं आणि म्हणाली, "आता पुन्हा करावं लागेल." मी तिला मारलं. एकदा नाही. तिचा ओठ दाराच्या चौकटीवर फुटला. मग मी आत शिरलो आणि पहारीने नळ तोडला, बेसिन फोडलं, आरसा फोडला. पाणी छतापर्यंत उडत होतं आणि मी भिजत पहार मारत होतो. समोरच्या काकू सनाला आपल्या घरात घेऊन गेल्या. नजमाने तुला फोन केला.

तू तळोज्याहून रिक्षा करून आलीस. बुरखा वर खोचलेला, तोंडात पान. तू काही विचारलं नाहीस. माझ्या थोबाडीत अशी दिलीस की कानात शिटी वाजली. समोरच्या दारात, जिन्यावर, माणसं उभी होती. तू म्हणालीस, "इस्साक, परत हात उचललास तर हाच हात तुझ्या काट्यावर ठेवून भंगारात विकीन. किलोच्या भावाने." कुणीतरी हसलं. तेही मला लागलं. मग सनाला ओढणीत गुंडाळून तू लिफ्टमध्ये शिरलीस आणि दार बंद झालं.

चार महिने, आपा. चार महिने माझ्या मुलीला भेटायला मी तुझ्या अंगणात पाहुण्यासारखा यायचो. बुधवारी आणि रविवारी, असरच्या, दुपारच्या नमाजनंतर. वेळ तू ठरवलीस, अटी तू घातल्यास. आयुष्यात असा सौदा मी कधी घेतला नव्हता.

तू आधी तिला पनवेलला डॉक्टरबाईंकडे नेलंस. ओसीडी, त्या म्हणाल्या. तू म्हणालीस, आमच्यात याला वसवसा म्हणतात, मनात शंका फुंकणारा. बाई म्हणाल्या, नाव काहीही असू दे, त्याच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं नाही. तू म्हणालीस, आमच्यातही हेच सांगितलंय. तुमचं दोघींचं तिथेच जमलं. मी गोळीला विरोध केला, पोरीला पागलपणाची गोळी नको म्हणून. तू विचारलंस, "तुझी शुगरची गोळी कोन खातो? शेजारी?"

आणि मी मोठ्या ऐटीत तुला बत्तिसाचं सांगितलं, की मी निदान चाळिसावरून खाली तरी आणलं. तुझा चेहरा मला अजून दिसतो. तू मारलं असतंस तर बरं झालं असतं. हळू बोललीस.

"तिच्याकडे आकडा नव्हता, इस्साक. तू दिलास. कारखानेवाल्याशी करतोस तसा वसवशाशी भाव केलास. त्याच्याशी बोलायला बसलास तिथेच हरलास."

मग तू परसातला नळ बंद केलास आणि त्याच्या तोंडाला फडकं बांधलंस. एक तांब्याचा लोटा काढलास, लहान, जेमतेम दोन पेले पाणी मावेल असा. सनाला म्हणालीस, "एवढ्यात वजू. पाणी संपलं, वजू झाला. मोजायचं नाय."

"पण फूफू, कोपर कोरडं राहिलं तर?"

"राहू दे."

"मग नमाज होणार नाही."

"तू पाणी घेतलंस हे नक्की हाय ना? मग वजू आहे. नंतर जी शंका आली ती वजू मोडत नाय. मोडला अशी कसम खाता येत असेल तर ये माझ्याकडे. खाता येते?"

सना रडायला लागली. कसम खाता येत नव्हती. तू तिला मुसल्यावर, नमाजच्या चटईवर उभं केलंस. ती थरथरत होती, दात वाजत होते, आणि तू बाजूला उभी राहून तिच्यासोबत नमाज पढलीस. मी कुंपणाशी उभा होतो. मला वाटलं, ही बाई माझ्या मुलीला मारून टाकतेय. मी आत यायला पाऊल टाकलं. सलाम फेरून नमाज संपल्यावर तू म्हणालीस, "तुझ्या मारापेक्षा हे बरं हाय. यातून ती जगंल."

पहिले पंधरा दिवस तिने तुला चावलं, ओरबाडलं. तुझ्या दंडावर दातांचा व्रण होता, तो तू बाहीखाली लपवायचीस. लोटा तिने दोनदा विहिरीत फेकला. दोनदा तू गळ टाकून काढलास. विचारायची, "फूफू, झाला ना वजू?" तू एकदा सांगायचीस, "सांगितलंय." दुसऱ्यांदा विचारलं की शिवणाचं मशीन जोरात चालवायचीस. तिने ते मशीन लाथ मारून पाडलं. तू उचललंस, तेल घातलंस, पुन्हा चालवलंस.

माझा हात आठवतो का तुला? तिसऱ्या महिन्यातला रविवार. तू मला गोदामातून तसाच यायला सांगितलं होतंस, हात न धुता. सनाला माझ्यासमोर बसवलंस आणि म्हणालीस, "हात ठेव अब्बाच्या हातावर. दहा मिनटं. मग धुवायचं नाय." माझ्याकडे बघून म्हणालीस, "आणि तू तोंड बंद." तिने हात पुढे केला, मागे घेतला, पुढे केला. मग ठेवला. तिच्या कपाळावरून घाम माझ्या मनगटावर पडत होता. तीन मिनिटांनी माझ्याच्याने राहवलं नाही. मी म्हणालो, "बघ बेटा, काही झालं का?" तुझी चप्पल माझ्या खांद्यावर बसली. "तिला भरवसा विकू नकोस. तो तिला तिच्याकडूनच घेऊ दे." सना हसली, आपा. घाम पुसत, नाक ओढत हसली. हात तिने काढला नाही.

त्या दिवशी परत जाताना मी टेम्पो रस्त्याच्या कडेला लावून ढसाढसा रडलो, हे तुला सांगायचं राहिलं. तुझे उपकार मानायचंही राहिलं. उपकार मानले की समोरचा वरचढ होतो, असं मला नेहमी वाटलं. तुझ्यासमोर तर मी जन्मापासून खालीच होतो. अम्मी गेली तेव्हा मी सहा वर्षांचा, तू पंधराची. तू मला मारलंस तेवढं कुणी मारलं नाही. आणि तारचोर म्हणून मला खांबाला बांधणाऱ्या वॉचमनला तू दगडाने मारलंस, तसं माझ्यासाठी दुसऱ्या कुणी कुणाला मारलं नाही.

सना घरी परतली. लोटा घेऊन परतली. वाईट दिवस यायचे, पण ते दिवस असायचे, महिने नसायचे. मला वाटलं, संपलं. आणि मरायच्या दोन महिने आधी तू फोन केलास.

"इस्साक, सना मला काय बोलली ठाऊक आहे? अब्बांची चावी कुलपात फिरली की मी हात ओढणीखाली घेते. अजून."

"मग? आता मारतो का मी?"

"तिची माफी माग."

"बाप मुलीची माफी मागत नाही."

"ज्याने मारलं तो मागतो. आणि पन लावायचा नाय. तू आजारी होतीस पन, सोसायटी ओरडत होती पन, असलं काय नाय. एका दमात माग."

मी तुला म्हणालो, तुला मूल नाही, तुला काय कळणार. मी फोन ठेवला. नंतर तू दोनदा केलास, मी घेतला नाही. तिसऱ्यांदा फोन आला तो तुझ्या दिराचा, हनीफचा होता, तू गेल्याचं सांगायला.

आता दुसरी तक्रार ऐक. तळोज्याला पोहोचलो तेव्हा तुझ्या मशीनच्या खणातला कागद नजमाच्या हातात होता. तुझ्या अक्षरात तीन ओळी. माझ्या गुसलला पाणी सनाने घालावं. नजमाने जवळ राहावं. इस्साकला विचारू नये.

विचारू नये. माझी मुलगी, आणि मला विचारू नये.

गुसल म्हणजे आकडा, आपा. मय्यतीला न्हाऊ घालताना पाणी तीन वेळा, लागलं तर पाच, लागलं तर सात. ज्या पोरीला मी आकड्याने मारलं, तिच्या हातात तू मरताना पुन्हा आकडा दिलास. तीनवर तिला बरं वाटलं नाही तर? सातवर नाही वाटलं तर? तुझं प्रेत तिथे पडून राहील आणि ती धूत बसेल, हातांची सालं निघेपर्यंत, सगळ्या बायकांसमोर. मी म्हणालो, ती जाणार नाही. सना म्हणाली, "मी जाणार, अब्बा." माझ्याकडे न बघता म्हणाली आणि पडद्याआड गेली.

मी पडद्याच्या या बाजूला उभा होतो. बोरीच्या पाल्याच्या गरम पाण्याचा वास येत होता. गुसल देणाऱ्या जैनबबी सांगत होत्या, उजवीकडे, आता डावीकडे. पाणी पडत होतं. मी मोजत होतो. एक. दोन. मग कापराचा वास. तीन. जैनबबी म्हणाल्या, "बस, पुरे." मी श्वास सोडला. आणि पुन्हा पाणी पडलं.

माझ्या डोळ्यांसमोर लाल झालं. मी पडद्याला हात घातला. आत बायका, तू उघडी, मला कशाचं भान नव्हतं. हनीफने मला मागून कवळ्यात धरलं. म्हणाला, "इसाकभाई, होश में आओ, जनाना हाय आत." मी त्याच्या तोंडावर कोपर मारलं. त्याचं नाक फुटलं. मी त्याला भिंतीशी दाबला, त्याची कॉलर पिळली, दुसरा हात वर घेतला. तुझ्या अंगणात, तुझ्या मय्यतीच्या दिवशी.

पडदा सरकला. सना बाहेर आली. हात ओढणीला पुसत होती, तिथेच, जाता जाता, माणूस पुसतो तसे. आत जैनबबी बादलीतलं पाणी आपल्या पायांवर ओतत होत्या. सनाने हनीफचं रक्त बघितलं. माझी मूठ बघितली. आणि हात ओढणीखाली घेतले.

"ते पाणी मी घालत नव्हते, अब्बा," एवढंच म्हणाली.

ती तीनवर थांबली होती. पडद्याआड मोजत बसलेला माणूस मी होतो.

तू हे माहीत असूनच लिहिलंस का, इस्साकला विचारू नये? माझ्यावर विश्वास नव्हता म्हणून, की तिच्यावर होता म्हणून? मला उत्तर हवंय आणि तू ते द्यायला नाहीस. हा माझा राग आहे. तो मी ठेवणार आहे.

हनीफची माफी मी तिथेच मागितली. बरोबरीच्या माणसाची मागता येते. सनाची मागायला बारा दिवस लागले. रविवारी सकाळी ती ओट्याशी उभी राहून मेथी निवडत होती. नजमा खाली गेली होती. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो आणि म्हणालो, "सना, मी तुला मारलं. तुझा ओठ फोडला. तो झाडूवाला तुला मारत होता तेव्हाही मी बघत राहिलो. बत्तीसही मीच दिले. मला माफ कर." पुढे "पण" जिभेवर आला होता. दातांखाली धरला. जीभ खरंच चावली गेली.

ती मेथीची पानं खुडत राहिली. मग म्हणाली, "ठीक आहे, अब्बा."

आपा, मी वीस वर्षं लोकांचं "ठीक आहे" ऐकत आलोय. सौदा पटला म्हणून म्हणतात ते एक. ब्याद टळावी म्हणून म्हणतात ते दुसरं. हे कुठलं होतं, मला कळलं नाही. तिचे हात ओट्यावर होते, उघडे. ते माझ्यासाठी होते की मेथीसाठी, तेही कळलं नाही. मला विचारायचं होतं, खरंच ना? मनापासून ना? एकदा विचारलं असतं तर तिने हो म्हटलं असतं, आणि संध्याकाळी मी पुन्हा विचारलं असतं.

तेव्हापासून तो प्रश्न माझ्या घशात नखं मारतोय. गोदामात काट्यावर माल चढवताना मारतो, जेवताना मारतो, ती समोरून पाणी घेऊन गेली की मारतो. तिच्या आत हेच महिनोन्महिने चालू होतं, आणि मी त्यावर पहार घेऊन गेलो होतो.

आज चौथा दिवस आहे. मी अजून विचारलेलं नाही.